आगगाडीतील आग

लोखंडी रुळांवरून धावणाऱ्या वाहनास मराठी माणसाने जे नाव दिले, ते मोठे नेमके होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तेव्हा पाहणारांच्या मनावर ठसली ती तिची चाके नव्हेत, डबेही नव्हेत. ठसली ती इंजिनाच्या पोटातील आग. म्हणून ती आगगाडी झाली. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास विजेची गाडी जाऊ लागली. १९२९ साली कल्याणपासून पुण्यापर्यंतचा मार्ग विजेवर आला, आणि कर्जतच्या वाटेने आमच्या जिल्ह्यात, ज्यास तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत, विजेच्या गाडीचे पाऊल पडले. कोळसा गेला, धूर गेला, डोळ्यांत जाणारी कोंडी गेली. नाव मात्र राहिले. भाषेच्या या हट्टाचे आम्हांस पूर्वी कौतुक वाटत असे. अलीकडे वाटू लागले आहे की, ते नाव अगदीच अनाठायी उरलेले नाही. आगगाडीत आग अजून आहे. फक्त ती आता इंजिनात नसून रुळाकाठच्या केरात दडून बसली आहे.

आज रायगडच्या किनारपट्टीतील मुख्य मार्गांवर विजेच्याच गाड्या धावतात. पनवेलपर्यंत उपनगरी गाडी १९९८ साली आली. नेरूळ-बेलापूरहून निघणारा उरणचा फाटा ११ नोव्हेंबर २०१८ रोजी खारकोपरपर्यंत आणि १२ जानेवारी २०२४ रोजी थेट उरणपर्यंत खुला झाला. रोह्यापासून पुढे जाणारी कोकण रेल्वे २०२२ साली सबंध विजेवर आली. ज्या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या मोऱ्याच्या आणि रेवसच्या लाँचवर उन्हापावसात उभे राहून मुंबई गाठली, त्या किनाऱ्यास हे सुख उशिरा लाभले, आणि म्हणूनच ते जपण्याची जबाबदारी अधिक आहे. परंतु खारकोपर सोडून गाडी उरणकडे निघाली, म्हणजे खिडकीतून काय दिसते? खाजणे दिसतात, तिवरांची हिरवी रांग दिसते, भरतीचे पाणी आत घेऊन स्तब्ध उभ्या राहिलेल्या खाड्या दिसतात, आणि या सर्वांच्या अलीकडे, रुळांच्या अगदी कडेला, कुंपणाच्या तारेत अडकून फडफडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसतात. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की, त्यांतील काही सुटून रुळांकडे निघतात. पुढे त्यांचे काय होते, याचा विचार डब्यात बसलेल्या आम्हां मंडळींच्या मनास सहसा शिवत नाही.

काय होते, ते थोडक्यात सांगावयास हवे. विजेच्या गाडीत ठिणगीस वाव असलेल्या जागा मुख्यतः दोन: एक माथ्यावर आणि एक पोटाखाली. माथ्यावर पेंटोग्राफ नावाचा हात वरच्या तारेस घासत जातो आणि २५,००० व्होल्टची वीज खाली आणतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर आरंभापासून १,५०० व्होल्टची वीज होती; ती टप्प्याटप्प्याने बदलून २०१६ साली हार्बर मार्गावरूनही गेली. कोरडी पिशवी विजेस वाट देत नाही, हे खरे. पण तीच पिशवी दवाने ओली झाली, किंवा तिच्यावर खाऱ्या हवेचा थर बसला, म्हणजे वीज तिच्यावरून वाट काढू शकते. वेफरच्या चकचकीत पाकिटास तर आतून ॲल्युमिनियमचा मुलामाच असतो. असा एखादा तुकडा तार आणि छत यांच्यामध्ये आडवा आला की लख्ख उजेड पडतो, आवाज होतो, मार्गाची वीज बंद पडते, आणि जळता तुकडा खाली गळतो. पोटाखालची गोष्ट याहून साधी आहे. धावत्या गाडीच्या वाऱ्याने रुळांतील कागद, गोणपाट, चिंध्या, वाळले गवत वर उचलले जाते आणि आसाभोवती गुंडाळले जाते, किंवा ब्रेकच्या सांगाड्यात जाऊन बसते. ब्रेकचा ठोकळा चाकास दाबला म्हणजे तापतो, आणि एखादा ठोकळा चाकास चिकटूनच राहिला तर फारच तापतो. साध्या पिशवीचे पॉलिथिन सुमारे ११० अंश सेल्सियसला वितळते आणि कागद सुमारे २३० अंशांच्या आसपास पेट घेतो. मग डब्याखालून धूर निघू लागतो.

परदेशात ही पीडा याहून जुनी आहे. लंडनच्या दक्षिणेकडील मार्गांवर आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत वीज डोक्यावरून येत नाही. ती जमिनीलगत, चालत्या रुळांच्या शेजारी ठेवलेल्या तिसऱ्या रुळातून येते. आपल्याकडे कोलकात्याची १९८४ सालची मेट्रोही याच पद्धतीची आहे. तेथे विजेचा रूळ आणि केर यांची भेट एकाच पातळीवर होते, त्यामुळे फलाटावरून टाकलेले वर्तमानपत्र पेटण्यास फारसे निमित्त लागत नाही. न्यूयॉर्कने यासाठी रुळांतील केर शोषून घेणाऱ्या स्वतंत्र गाड्या केल्या. मुंबईतही रात्री रुळाकाठची माती व कचरा उचलण्यासाठी उघड्या वाघिणींची गाडी फिरते. तिला रेल्वेचे लोक 'मक स्पेशल' म्हणतात. जी गाडी केवळ आमचा केर वाहण्यासाठी जन्मली, तिला 'स्पेशल' म्हणावे, यातील विनोद सरकारी आहे की दैवी, हे आम्हांस ठरवता आलेले नाही.

असल्या एका लहानशा आगीचा अनुभव आम्हांसही आहे. मार्गाचे वा स्थानकाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, संध्याकाळची वेळ होती. डब्यात प्रथम वास आला. जळलेल्या रबराचा म्हणावा तसा उग्र. कोणी म्हणाले, बाहेर कोणी टायर पेटवला असेल. थोड्या वेळाने दाराशी उभ्या असलेल्यांस पायाखालून पांढुरका धूर वर येताना दिसला, आणि तोवर टायरची गोष्ट सांगणारे गृहस्थच सर्वांआधी उठून उभे राहिले. गाडी थांबली. मोटरमन उतरले, मागून गार्ड, ज्यास २०२२ सालापासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, लाल नळकांडे घेऊन आले. त्यांनी वाकून फवारा मारला, मग एका सळईने ओढून काही बाहेर काढले. ते एका प्लॅस्टिकच्या गोणीचे अर्धे वितळलेले फडके होते. बाकी काही जळले नव्हते. वीस-पंचवीस मिनिटांत गाडी पुन्हा चालू झाली. दुसऱ्या दिवशीच्या कोणत्याही पत्रात या घटनेस एक ओळही मिळाली नाही, आणि मिळावी असे तीत काही नव्हतेही. तथापि त्या वीस मिनिटांत आमच्या शेजारी बसलेली एक आई आपल्या मुलास घट्ट धरून पुनःपुन्हा एकच विचारीत होती, "उतरायचं का हो? उतरायचं का?" तिला खात्रीने उत्तर देईल असा एकही मनुष्य डब्यात नव्हता. हा प्रश्न वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

वाफेच्या इंजिनाच्या दिवसांत गोष्ट नेमकी उलट होती. तेव्हा इंजिनाच्या धुराड्यातून उडालेले निखारे रुळाकाठच्या वाळल्या गवतात पडत आणि शेतकऱ्याच्या उभ्या पिकास अथवा गंजीस आग लागे. इंग्लंडात याविषयी इतक्या तक्रारी झाल्या की, १९०५ साली पार्लमेंटने खास कायदा करून अशा आगीबद्दल शेतकऱ्यास १०० पौंडांपर्यंत भरपाई देण्याचे दायित्व रेल्वे कंपन्यांवर टाकले. कंपनीचा दोष सिद्ध करण्याची गरज नव्हती. ठिणगी तुमची, तेव्हा नुकसानही तुम्ही भरा, एवढा सरळ न्याय होता. पूर्वी गाडी काठास आग लावी, आता काठ गाडीस आग लावतो. पण या उलट्या आगीचा खटला कोणावर भरावा? गोणीचे ते फडके कोणाचे होते, हे कोणास सांगता येईल?

आमच्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. कोकणच्या माणसास आग नवी नाही. रायगडात भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची चाल फार जुनी. उन्हाळ्यात शेतकरी पालापाचोळा, कवळे, शेण आणि गवत यांचा थर दाढीच्या जागेवर पसरतो, त्यावर माती टाकतो आणि पेटवतो. या राबासाठी झाडांच्या फांद्या तोडण्यावरून एकोणिसाव्या शतकात ठाणे-कुलाब्याचे शेतकरी आणि सरकारचे जंगलखाते यांच्यात मोठा कलह झाला होता. राब भाजणे इष्ट की अनिष्ट, हा वाद आजही संपलेला नाही, आणि त्यात आम्ही पडत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, राबाच्या आगीला धनी असतो. तो वारा पाहतो, कडेचे गवत आधी झाडून काढतो, हातात ओला टहाळा घेऊन उभा राहतो, आणि राख निवल्याखेरीज घरी जात नाही. आग शेजाऱ्याच्या कुडणास लागली तर कोणाच्या दारी जाऊन भांडावयाचे, हे साऱ्या गावास ठाऊक असते. चुलीतील आग घरच्या बाईची, होळीची आग गावाची, समईची ज्योत देवाची. प्रत्येकीचा कोणीतरी राखणदार. रुळाकाठच्या केरास मात्र धनी नाही, म्हणून त्यातून उठणाऱ्या आगीसही धनी नाही.

आता हा केर निर्धन्याचा झाला कसा? येथे आम्हां सुशिक्षित मध्यमवर्गीयांस आपल्या घराकडे पाहावे लागेल. आमच्या घरांत स्वच्छतेचा दंडक कडक असतो. पहाटे अंगण झाडले जाते, ओटा दोनदा पुसला जातो, बाहेरून आलेल्याने पाय धुतल्यावाचून आत पाऊल टाकलेले खपत नाही. पण या स्वच्छतेची हद्द उंबरठ्यापाशी संपते. केर घराबाहेर गेला म्हणजे नाहीसा झाला, असे आम्ही धरून चालतो. आगगाडीत बसताना आम्ही हाच उंबरठा बरोबर नेतो. तो खिडकीच्या गजांवर बसवतो. डब्यात साल टाकणे वाईट, म्हणून ती खिडकीबाहेर टाकावयाची. मुलाने हातातले पाकीट बाकाखाली सरकवले तर आई त्यास दटावते, "बाहेर टाक!", आणि आपण मुलास वळण लावले, असे तिला मनापासून वाटते. निर्माल्य तर आणखी भक्तिभावाने बाहेर जाते. खाडीचा पूल आला की, प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ न सोडताच ते भिरकावले जाते, दोन्ही हात कपाळास लागतात, आणि त्यांतील कित्येक पिशव्या खाडीपर्यंत न पोहोचता पुलाच्या कठड्यास वा रुळांतच अडकून राहतात.

यास कोणी म्हणेल की, आमचे वाडवडीलही खिडकीतून केर टाकीतच आले; मग आजच आग का लागावी? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही त्यातच आहे. आजोबांनी टाकलेली वस्तू केळीची साल होती, पळसाचा द्रोण होता, फार तर भुईमुगाची टरफले होती. एका पावसाळ्यात तिची माती होई. सवय तीच राहिली, वस्तू मात्र बदलली. आज टाकलेली पिशवी पावसाळे पाहत बसते, वाऱ्याबरोबर प्रवास करते आणि ज्वाला धरते. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. बंदी झाली, पण बाजारातून परतताना हातात पिशवी दिसतेच, आणि वेफरची पाकिटे तर त्या बंदीच्या यादीत आलीच नाहीत.

दुसरा एक आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा की, केवळ प्रवाशांस दोष देणे अन्यायाचे होय. फलाटावरील केराची टोपली सदा भरून वाहते. रुळालगतच्या वस्त्यांत कचऱ्याची गाडी जात नाही, तेथल्या लोकांनी केर टाकावा कोठे? आणि साचलेला ढीग नकोसा झाला की तो जागीच पेटवून देण्यावाचून त्यांस दुसरा उपाय काय? या पेटवलेल्या ढिगांनी रुळालगतच्या सिग्नलच्या तारा जळतात आणि सारा मार्ग खोळंबतो. हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो. जेथे नगरपालिका वा ग्रामपंचायत केर उचलीत नाही, तेथील माणसास नागरिकत्वाचे धडे देणे हा निर्दयपणा आहे. रेल्वे आणि स्थानिक संस्था यांच्या हद्दी कुंपणापाशी मिळतात, आणि दोघांची नजर कुंपणाशी येऊन थांबते. केर नेमका त्या रेघेवर साचतो. परंतु ज्यांच्या दाराशी रोज सकाळी केराची गाडी येते, ज्यांच्या पिशवीत रिकामे पाकीट घरी नेण्यापुरती जागा आहे, त्या आम्हां-तुम्हांस या आक्षेपाच्या आड लपता येणार नाही.

असल्या आगी लहान असतात, आणि लहान असणे हाच त्यांचा मोठा धोका आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली. जिन्याखालच्या यंत्रास फासलेल्या वंगणात वर्षानुवर्षे कपड्यांचे धागे, तिकिटांचे कपटे आणि मिठाईचे कागद मिसळून एक थर साचला होता. त्यात बहुधा कोणी पेटती काडी टाकली. धूम्रपानास बंदी होती. पण बाहेर पडता पडता जिन्यावरच सिगारेट शिलगावण्याची लोकांस खोड होती. आरंभी ती आग एका खोक्याएवढीच दिसत होती. अल्पावधीत तिने जिन्याच्या उतारावरून उसळी घेतली आणि ३१ माणसे प्राणास मुकली. चौकशीत आढळले की, अशा लहान आगींस तेथील कर्मचारी 'आग' म्हणतच नसत. 'धुमसणे' असा एक सौम्य शब्द त्यांनी रूढ केला होता. ज्यास आग म्हणावयाचे नाही, तीविषयी भय वाटत नाही. आणि भय वाटत नाही, तेथे उपायही सुचत नाही.

याच्या उलट दुसरे टोक आमच्याच राज्यात दिसले. तेथे आग नव्हती, केवळ तिचे नाव होते. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडे स्थानकाजवळ लखनौहून मुंबईस येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. चाकाशी ठिणग्या वा धूर दिसला, असे सांगितले गेले. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, आणि घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले. त्याच रुळांवरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ माणसे मेली. गाडीत आग लागलीच नव्हती. तेथे केराचा संबंध होता, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, डब्याखालचा मूठभर धूर किती माणसे मारू शकतो, याचा हिशेब जळलेल्या वस्तूंवरून करता येत नाही. आमच्या शेजारच्या त्या आईचा प्रश्न आठवावा: उतरायचं का? तिने घाबरून मुलासह पलीकडच्या बाजूस उडी टाकली असती, तर त्या गोणीच्या फडक्याची किंमत काय झाली असती?

म्हणून प्रत्येक प्रवाशास, आणि घरोघर मुलांस, एवढे तरी शिकवलेले असावे: धूर दिसला तर प्रथम त्या डब्यातून शेजारच्या डब्यात सरकावे, जेथे आतून वाट असेल तेथे, गाडी थांबल्यावर उतरणे भागच पडले तर शेजारी दुसरा रूळ नाही अशा बाजूने उतरावे, उतरून रुळांत उभे राहू नये, लोंबणाऱ्या तारेस वा तिला चिकटलेल्या कोणत्याही वस्तूस हात लावू नये, आणि आग वरच्या तारेजवळ असेल तर तिच्यावर पाणी फेकू नये. मोटरमन व गार्ड यांस कळवणे हे आपले काम, आग विझवणे हे त्यांचे. हे नियम पाठ करण्यास पाच मिनिटे लागतात.

राहिला कायदा. १९८९ च्या रेल्वे कायद्यात मनाई असता डब्यात धूम्रपान करणाऱ्यास १०० रुपयांपर्यंत दंड आहे. २०१२ च्या नियमांप्रमाणे रेल्वेच्या आवारात घाण करणाऱ्यास ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण धावत्या गाडीच्या खिडकीतून सुटलेले पाकीट कोणाच्या हातचे, हे सांगण्यास तपासनीस कोठून आणावा? कायद्याचा हात खिडकीच्या गजांपर्यंत पोहोचत नाही. तेथे पोहोचतो तो आईचा हात, आणि म्हणून 'बाहेर टाक' याऐवजी 'पिशवीत ठेव' हे दोन शब्द तिच्या तोंडी येणे, हे शंभर दंडांहून मोलाचे आहे.

आणि तेवढ्यानेही मन वळत नसेल, तर उरणच्या किंवा पेणच्या बाजूस जाताना कधी सकाळी खिडकीतून रुळांकडे पाहावे. नारिंगी जाकीट घातलेली गँगमन मंडळी गाडी येताच बाजूस सरून, हातातली अवजारे टेकवून उभी असतात. खडी सावरावी, रूळ तपासावा, नटबोल्ट आवळावे, हे त्यांचे काम. तेथे उभे राहण्यात जिवाची जोखीम आहे. रुळांवर काम करताना गाडीखाली सापडलेल्या या कामगारांच्या बातम्या वर्षातून कितीदा तरी येतात. रुळांतला केर उचलण्यासाठी जे कोणी खाली उतरते, त्यास दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, डोक्यावर २५,००० व्होल्टची तार घेऊन, ते करावे लागते. आम्ही खिडकीतून जे टाकतो, ते नाहीसे होत नाही. त्यासाठी कोणीतरी वाकतो. गाडी पुढे जाते, आम्हांस त्याचा चेहरा दिसेनासा होतो, आणि त्याच्या पायापाशी आमच्यापैकीच कोणाचे तरी पाकीट वाऱ्याने फिरत राहते.